मालकीणबाई आणि शंभर वर्षांपूर्वीचा भाडेकरू

मालकीणबाई कधीही कोणाच्या पुढे जिना चढल्या नाहीत. खोली बघायला आलेला माणूस असो, गॅसचा सिलिंडर आणणारा असो, नाहीतर सख्खी पुतणी असो, जिन्यापाशी आल्या की बाई बाजूला होत, हात पुढे करत आणि म्हणत, "चला, तुम्ही पुढे." नवख्या माणसाला वाटे, काय ही जुन्या वळणाची अदब! मलाही तसंच वाटलं होतं. जिन्याच्या मध्यावर सहज मागे वळून पाहिलं, तर बाईंच्या उजव्या हातात धोटा. धोटा म्हणजे यंत्रमागावर इकडून तिकडे धावत आडवा धागा नेणारी लाकडी होडी. हातभर लांब, दोन्ही टोकांना पोलादी अणकुची. भिवंडीतल्या आमच्या कामतघर भागात जुने धोटे भंगारात ढिगाने मिळतात आणि हौशी लोक त्यांचे पेनस्टँड करतात. बाईंनी तो त्याच्या मूळ धंद्यापासून आणि पेनांपासून, दोन्हींपासून लांब ठेवला होता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी," बाई शांतपणे म्हणाल्या. "चला, वर चला. मोरी डाव्या हाताला आहे."

मी तेव्हा जवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला नुकताच लागलो होतो. नगर जिल्ह्यातून आलेला, एकटा, लग्न व्हायचं होतं. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की कामतघरात एक निवृत्त प्राध्यापिका वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या देतात, स्वच्छ आहेत, पाणी येतं, "फक्त बाई जरा डोक्याच्या आहेत." तो खरंच डोक्याच्या म्हणाला होता. मी ते डोक्याने जरा कमी असं ऐकलं. दोन्हींतला फरक मला पहिल्याच दिवशी कळला.

खोली बघून झाली तेव्हा बाईंनी मला खाली बसवलं. बारीक चण, सुती साडी, साडीखाली पळायचे बूट. "पळावं लागलं तर चपलेत पळता येत नाही," असं त्याचं स्पष्टीकरण मला नंतर मिळालं. समोर चहा ठेवला, बशीत एक बदाम.

"लहानपणी डोक्याला मार लागला होता?"

असा प्रश्न खोलीसाठी कोणी विचारतं? डिपॉझिट विचारतात, मांसाहार विचारतात, फार तर मैत्रिणी येणार का विचारतात. मी गडबडून खरं सांगून टाकलं. ओट्यावरून पडलो होतो, चार टाके पडले होते.

"केस बाजूला करा." बाई उठून माझ्या मागे आल्या आणि दोन बोटांनी डोक्यावरचा व्रण दाबून पाहू लागल्या. बाजारात नारळ निवडताना बायकांचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला असणार, असं मला पाठमोरं बसूनही वाटलं. "मागे आहे. मागे चालतं. तिथे डोळ्यांचं खातं असतं. चष्मा आहे का? नाही? मग काहीच बिघडलेलं नाही. पुढे कपाळावर असता तर मी विचार केला असता."

मग त्या समोर येऊन बसल्या आणि माझ्याकडे टक लावून बघत त्यांनी भलीमोठी जांभई दिली. मी सभ्य घरातला मुलगा. मी नजर खाली घातली. त्यांनी दुसरी दिली, आवाजासकट. मी दात आवळून धरले. नोकरी नवीन, खोलीची गरज, आणि मुलाखतीत जांभई देणं शोभत नाही हे मला कॉलेजात शिकवलेलं. बाईंच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागली. त्यांनी तिसरी जांभई दिली, ती इतकी लांब आणि मनापासून की माझा जबडा आपोआप सुटला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत मी जांभई दिली.

"पास," बाई म्हणाल्या. "बदाम खा. सामान कधी आणताय?"

या सगळ्याच्या मागे एक माणूस होता आणि तो शंभर वर्षांपूर्वी मेला होता. अमेरिकेतला. बाई त्याचं नाव कधीच घेत नसत. मी एकदा आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "ज्या बायका त्याने मारल्या त्यांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत? कोणालाच नसतात. मग त्याचं कशाला पाठ करायचं? तो भाडेकरू म्हणा, पुरे आहे."

तो भाडेकरू 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी शोधत गावोगाव हिंडायचा. पाटी दिसली की दार वाजवायचा. कपडे नीटनेटके, हातात धर्मग्रंथ, बोलणं मऊ. घरात मालकीण एकटी आहे का याचा अंदाज घ्यायचा आणि म्हणायचा, खोली दाखवता का? ती बिचारी जिना चढायची पुढे, हा मागे. मग थोड्या वेळाने तो एकटाच खाली उतरायचा.

"तुम्ही इतकं सगळं जाणता, मग खोली भाड्याने देताच कशाला?" मी विचारलं होतं. "पेन्शन तर आहे."

"पेन्शन आहे. पण रिकाम्या घरात त्याच्याबद्दल वाचत बसलं की भीती वाटते हो. वर कोणीतरी राहत असलं की बरं वाटतं."

"आणि वर राहणारा तसाच निघाला तर?"

"म्हणून तर धोटा," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू एवढं साधं गणित मला सुटू नये याचंच त्यांना वाईट वाटलं.

बाईंनी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. मोबाईलवर मेंदूची व्याख्यानं ऐकत त्या भाजी चिरायच्या. बहुतेक वेळा फ्लॉवरच. बाजारात फ्लॉवर निवडताना त्या गड्डा दोन्ही हातांत उचलून सगळ्या बाजूंनी फिरवून बघत, आणि भाजीवाला म्हणे, "मॅडम, गोबी है, बच्चा नहीं है." घरी आणला की उभा चिरून मला हाक मारत.

"हे बघा. हा पुढचा भाग, कपाळामागचा. इथे ब्रेक असतो. राग आला, हाव सुटली, दुसऱ्याचा गळा धरावासा वाटला, सगळं आतून येतं, ते प्रत्येकालाच येतं. तुम्हाला नाही येत?"

"गळ्यापर्यंत नाही येत."

"सुपरवायझर ओरडला की?"

मी फ्लॉवरच्या देठाकडे बघू लागलो.

"येतं ना? पण तुम्ही धरत नाही, कारण हा पुढचा भाग म्हणतो, थांब. आणि हा आत, खोल, बदामाएवढा. दुसरा घाबरला की हा आपल्याला कळवतो. समोरच्याचे डोळे विस्फारले की आपल्या पोटात गोळा येतो तो याच्यामुळे. काही माणसांत हा बदाम गप्प असतो. समोरची बाई घाबरली तरी यांना काही ऐकूच येत नाही." मग त्या तो गड्डा कढईत टाकत आणि विचारत, "रस्सा हवा की सुकी?"

जांभईचंही असंच. दुसऱ्याने दिलेली जांभई आपल्याला लागते, कारण आपलं मन समोरच्याच्या मनाला जोडलेलं असतं. ज्याचं जोडलेलंच नाही त्याला ती लागत नाही, असा बाईंचा सिद्धांत होता. "शंभर टक्के खात्रीचं नाही हां," हे त्या प्रामाणिकपणे सांगत, आणि पुढच्याच क्षणी रस्त्यात दिसेल त्याच्यावर प्रयोग करत. एकदा कल्याण नाक्यावरून आम्ही रिक्षाने येत होतो. बाई समोरच्या आरशात रिक्षावाल्याचे डोळे पकडून जांभया देत होत्या. तो बिचारा आधीच डबल ड्युटी करून आलेला. तीन-चार जांभया दिल्यावर त्याने रिक्षा बाजूला घेतली आणि हात जोडले. "मॅडम, आप उधर मुंह करके बैठो. मेरेको नींद आ रही है, गाड़ी ठुक जाएगी."

"चांगला माणूस आहे," उतरताना बाई माझ्या कानात म्हणाल्या.

शेजारच्या वहिनींच्या मुलीला बघायला मंडळी आली, तेव्हा तर बाईंना मुद्दाम बोलावलं होतं, शिकलेल्या म्हणून. बाईंनी कांदेपोह्यांच्या वेळी नवऱ्या मुलासमोर बसून आपलं काम चालू केलं. मुलगा एकदा जांभया देऊ लागला तो थांबेचना. त्याच्या आईने त्याला चिमटा काढला, वहिनींचा चेहरा पडला, आणि मंडळी गेल्यावर वहिनींचे यजमान म्हणाले, "आळशी दिसतोय पोरगा."

"हिरा आहे," बाई म्हणाल्या. "डोळे मिटून द्या." लग्न झालं. जावई आजही सासुरवाडीला आला की आधी झोपतो, पण मुलगी सुखात आहे.

हे सगळं मी हसत हसत मित्रांना सांगत असे. बाईंच्या मागे आणखी काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. दर रविवारी सकाळी त्या डबा भरून शेअर रिक्षाने कोन गावी जात, आपल्या मामांच्या घरी, एवढंच ठाऊक होतं. एका रविवारी त्यांचा पाय मुरगळला होता. त्यांनी मला हाक मारली, डबा हातात दिला आणि पत्ता सांगितला. "माझा धाकटा भाऊ आहे तिथे. त्याला द्या. वाकून देऊ नका, हात लांब करून द्या. आणि आमटी गार झाली असेल तर आधीच सांगून टाका, गार आहे म्हणून."

कोनला रस्त्याच्या आत, भाताच्या शेतांत गोडाऊनं उभी राहिलीत त्यांच्या कडेला मामांचं घर. ओट्यावर पन्नाशी उलटलेला एक धिप्पाड माणूस बसून वालाच्या शेंगा सोलत होता. कपाळावर, बरोबर मधोमध, केसांत शिरलेला जुना खोलगट व्रण. पुढे. मला माझ्या व्रणावर फिरलेली बाईंची बोटं आठवली.

"ताई न्हाय आली?" त्याने विचारलं.

"पाय मुरगळलाय."

त्याने डबा उघडला, आमटीला बोट लावलं आणि डब्याचं झाकण अंगणात इतक्या जोराने भिरकावलं की कोंबड्या उडाल्या. मी भिंतीला चिकटलो. तो मात्र पुन्हा शेंगा सोलू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "लय सुजलाय का पाय?"

मामांच्या सुनेने झाकण उचलून आणलं. मला आत पाणी देताना ती म्हणाली, "घाबरू नका दादा. तो असाच हाय. वस्तूवर काढतो. मानसाला मारत न्हाय. ताईंना एकदाच लागलं त्याच्या हातून, लय वर्सं झाली. तवापासून ताई येतात, पन आत येत न्हायत. दारातच बसतात. त्याला घरी यायचंय. दर खेपेला इचारतो."

परत आल्यावर बाईंनी विचारलं, "काय फेकलं?"

"झाकण."

"लागलं नाही ना कोणाला?" मग त्यांनी पाय उशीवर ठेवला. आणि शिकवल्यासारख्याच बोलू लागल्या. "दहा वर्षांचा होता. कल्याण रोडवर सायकल चालवत होता, ट्रकचा धक्का लागला. कितीतरी दिवस शुद्ध नव्हती. उठला तो वेगळा उठला. आधी मांजराच्या पिल्लाला कापसाने दूध पाजायचा. नंतर ताटं भिरकावू लागला. आम्हाला वाटायचं, लाडावलाय. बाबांनी खूप मारलं त्याला. पुढे मी शिकायला लागले आणि एक दिवस त्या भाडेकरूबद्दल वाचलं. तोही सायकलवर होता. तोही दहाच्या आसपासचा. ट्रामचा धक्का लागला, कितीतरी दिवस शुद्ध नव्हती, आणि उठला तो वेगळा उठला."

मी त्यांच्या पायाखालची उशी सरळ केली.

"म्हणजे कळलं ना तुम्हाला, मी त्याच्याबद्दल का वाचते? मला खुनाची हौस नाही. सायकल एक, वय एक, मार एक. तो तसा झाला. माझा भाऊ झाकणं फेकतो. मधे काय असतं? मार एकटाच कारणीभूत असता तर अर्धी भिवंडी खुनी झाली असती, हे खड्डे बघा. त्याचे आईबाप तान्हेपणीच गेले होते, घरात सगळी धाकदपटशा, ते असेल. जन्मतःच बदाम गप्प असेल. मी तीस वर्षं बघतेय. आणि तेवढी वर्षं दारातच बसतेय, कारण मला खात्री नाही."

एवढं बोलून त्यांनी मला बाम आणायला पिटाळलं.

त्यानंतर काही महिन्यांनी वरची दुसरी खोली रिकामी झाली आणि तो आला. मी त्याला पांढरा शर्ट म्हणेन, कारण मी त्याला दुसऱ्या रंगात पाहिलं नाही. खानदेशातला, चाळिशीचा, मागांच्या सुट्या भागांचा विक्रेता. इस्त्रीचे कपडे, बॅगेत गीतेची छोटी प्रत. आवाज इतका मऊ की कान पुढे करावा लागे. बोलताना ओठ जेमतेम हलत. त्याने बाईंना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आपण एकट्याच राहता का?"

त्याला बिचाऱ्याला भाडं कोणाच्या हातात द्यायचं एवढंच विचारायचं होतं. पण मी बाईंकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते भय नव्हतं. लॉटरीचा आकडा जुळत चाललेल्या माणसाचे डोळे होते ते.

"डोक्याला मार?"

"लहानपणी. झाडावरून पडलो होतो."

"कुठे?"

त्याने कपाळावर बोट ठेवलं.

बाईंनी जांभई दिली. पांढरा शर्ट नम्रपणे बघत राहिला. दुसरी दिली. तिसरी दिली. मी दारात उभा होतो, मला दोन जांभया आल्या. बाईंनी आपलं सगळं कसब पणाला लावलं. त्याचे डोळे किंचित पाणावले, मान जराशी थरथरली, पण तोंड मिटलेलं ते मिटलेलं.

"सामान कधी आणताय?" बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर मी ओरडलोच. "बाई, अहो सगळं जुळतंय! आणि तुम्ही खोली दिलीत?"

"सगळं जुळतंय म्हणूनच दिली. इतकी वर्षं वाचतेय, समोर कधी बघितला नव्हता. आता रोज बघायला मिळेल."

"आणि त्याने गळा धरला तर?"

"तुम्ही आहात की शेजारी. दार उघडं टाकून झोपत जा."

त्यानंतर माझी झोप उडाली आणि बाईंची तब्येत सुधारली. त्या सकाळी स्वतः चहा घेऊन वर जात. आधी हाक मारून त्याला खाली बोलावत, मग तो पुढे, बाई मागे, धोटा पदराखाली. त्याच्या एकेका गोष्टीचा आम्ही जिन्यात उभं राहून कुजबुजत कीस पाडायचो. तो कोणाबरोबर जेवत नाही. पोळी दुधात कुस्करून खातो. वहिनींनी ठेचा दिला तर हात जोडून परत केला. हसतो, पण दात दिसत नाहीत. "स्वतःवर जबरदस्त ताबा आहे," बाई म्हणायच्या. "पण मग ब्रेक शाबूत आहे म्हणायचा. हे जमत नाहीये. ब्रेक शाबूत आणि बदाम गप्प? हा आणखी वेगळाच प्रकार आहे." आणि त्यांना कोण आनंद व्हायचा.

शेवटी त्यांनी ब्रेक तपासायचा ठरवला. एका सुट्टीच्या सकाळी आम्हा दोघांना मिसळ खायला खाली बोलावलं. तर्री अशी केली होती की वासानेच मला ठसका लागला. योजना सोपी होती. आग्रह करायचा, तिखटाने तो पेटला की चिडतो का ते बघायचं. मी साक्षीदार.

"नको बाई, माफ करा, तिखट नाही चालत," तो त्याच्या त्या मिटल्या आवाजात म्हणाला.

"एक चमचा. मी पहाटे उठून केलीय. म्हाताऱ्या बाईचं मन मोडू नका."

त्याने चमचा हळूच ओठांत सरकवला. एक क्षण काही झालं नाही. मग त्याचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि खुर्ची मागे आदळून तो उठला, दोन्ही हात तोंडाशी नेत बाईंच्या दिशेने धावला. बाईंनी धोटा उगारला. मी टेबलाखाली गेलो, हे सांगायला हरकत नाही. तो बाईंना ओलांडून त्यांच्या मागच्या बेसिनपाशी गेला आणि नळाखाली तोंड धरलं. पण पाणी आत जाईना. ओठ उघडत होते, जबडा उघडत नव्हता.

बाईंनी धोटा खाली केला. पुढे झाल्या आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "इकडे वळा. तोंड उघडा."

तो मान हलवू लागला.

"उघडा म्हटलं ना."

त्याने उघडलं. म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. दातांच्या मध्ये जेमतेम एक बोट शिरेल एवढी फट झाली. बाईंनी मोबाईलचा टॉर्च लावला. आत गालाची कातडी पांढरीफटक, ताणलेल्या चामड्यासारखी, आणि एका बाजूला लालसर चट्टा.

"गुटखा?"

त्याने मान डोलावली.

"किती वर्षं?"

"कॉलेजपासून. आता सोडलाय. म्हणजे... कमी केलाय." तो स्टुलावर बसला आणि रडू लागला. "गावी डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून तपासायला पाठवू. मी पळून आलो. घरी सांगितलं, भिवंडीत धंदा वाढवतोय. बायकोला तोंड दाखवायची भीती वाटते."

"आणि जांभई?" बाईंना राहवलं नाही.

"येते ना. तुम्हाला बघून किती आल्या त्या दिवशी. पण तोंडच उघडत नाही हो. आतल्या आत कानापर्यंत कळ जाते."

बाई मटकन त्याच्यासमोर बसल्या. त्यांना इतकं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "आणि मी मेंदूत बघत बसले," त्या म्हणाल्या. "दार तोंडाशी होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला रिक्षात घातलं आणि ठाण्याला दवाखान्यात नेलं. तो जिन्यात अडला, म्हणाला उद्या जाऊ. बाईंनी त्याच्या पाठीला धोट्याचं टोक लावलं. त्या धोट्याचा हत्यार म्हणून झालेला हा एकमेव वापर. तुकडा काढला, तपासला. कर्करोगाची सुरुवात होती, अगदी सुरुवात. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर पळाला असता तर अवघड होतं. त्याची बायको खानदेशातून आली आणि ऑपरेशन होईपर्यंत बाईंकडेच राहिली. पहिल्या दिवशी तीही जिन्यापाशी थबकली, कारण बाई तिच्या मागे उभ्या होत्या.

पांढरा शर्ट बरा झाला. जबडा उघडण्यासाठी त्याला दातांत आइस्क्रीमच्या काड्या धरायचा व्यायाम दिला होता. बाई समोर बसून काड्या मोजत आणि एक कमी भरली तरी ओरडत. काही महिन्यांनी तो बायकोबरोबर गावी परतला. जाताना वाकून नमस्कार केला तेव्हा बाईंनी विचारलं, "आम्ही तुम्हाला काय समजत होतो, ठाऊक आहे का?"

"वहिनींनी सांगितलं," तो म्हणाला. "खुनी."

"राग नाही आला?"

"बाई, माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कोणी बघितलंच नव्हतं."

तो गेल्यावर काही दिवस बाईंचं सगळं थांबलं. व्याख्यानं बंद. फ्लॉवर बंद. मग एका संध्याकाळी वर आल्या, माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही खोली सोडा."

"माझं काय चुकलं?"

"काही नाही. तुम्ही नॉर्मल आहात, तुम्हाला कुठेही खोली मिळेल. मला भावाला आणायचंय. तो फेकाफेक करणार, वर भाडेकरू नको." चष्मा पुसत त्या पुढे म्हणाल्या, "ज्याला मी खुनी समजत होते त्याला रोज वर नेऊन चहा दिला. आणि भावाला डबा दारातून देते. हे कुठल्या पुस्तकात बसतं सांगा."

मी महिन्याच्या आत अंजुरफाट्याला जागा बघितली. मित्र अजून विचारतात, खोली का सोडलीस, आणि मी सांगतो, नॉर्मल असल्यामुळे.

परवा बऱ्याच दिवसांनी बाईंना भेटायला गेलो. दार उघडंच होतं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, अनवाणी, पळायचे बूट दाराशी. भाऊ आत चहा गाळत होता. बाई म्हणाल्या, आता तो चहा छान करतो, फक्त साखर संपली की बघावं लागतं. तेवढ्यात आतून डबा आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक काचेचा कप बाहेर येऊन समोरच्या भिंतीवर फुटला. तुकडे बाईंच्या खुर्चीपर्यंत उडाले. मी उठून उभा राहिलो.

"बसा," बाई म्हणाल्या. "साखर संपली."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज थोडी वाटते."

"मग?"

"मग काय. आणतेय साखर."

त्या उठायला गेल्या. आतून भाऊ झाडू आणि सुपली घेऊन आला. तो माझ्याकडे बघत नव्हता. खाली बसून त्याने एक हात आडवा धरला, बाईंच्या पायांपुढे, फाटकासारखा.

"ताई, पाय वर घे," तो म्हणाला. "काच हाय."

बाईंनी पाय वर घेतले.